पाठमोरं दुखणं

एका खोलीत दोन चुली होत्या. सोलापुरात मिलच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या चाळी होत्या, त्यातल्या अगदी शेवटच्या खोलीत निंगव्वा आणि तिची सासू मायाक्का राहत. दाराजवळची चूल निंगव्वाची, आतल्या कोपऱ्यातली म्हातारीची. मायाक्काचे डोळे गेले होते. तरी ती चाचपडत, बोटं पोळून घेत, आपली भाकरी आपणच थापायची. सुनेच्या हातचं पाणीदेखील तिला चालत नसे. कुणी विचारलंच तर चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "माझ्या लेकाला खाऊ घालून मारलं हिनं. आता माझी पाळी हाय व्हय?"

निंगव्वा ते ऐकायची आणि भांडी घासत राहायची.

ती अक्कलकोटच्या खालच्या अंगाची. घरात कानडी, बाजारात मराठी, असं तिचं बालपण गेलं. लग्न झालं ते बिरदेवशी. त्याच्या बापानं मेंढरं विकून सोलापूर गाठलं होतं आणि बिरदेव मिलमध्ये सूतखात्यात कामाला लागला होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा केसांत, भुवयांवर, खांद्यांवर कापसाची फुलं अडकलेली असायची. अबोल माणूस. हसला तरी आवाज न करता हसायचा.

त्याच्या पोटात कळ यायची. आली की तो भिंतीकडं तोंड करून बसायचा, गुडघे पोटाशी घ्यायचा आणि कपाळ गुडघ्यांवर टेकवायचा. झोपवलं तर कळ वाढायची, पाठीतून आरपार जायची. म्हणून बसूनच राहायचा. ओवा झाला, चुन्याची निवळी झाली, देवऋषी झाला, कोंबडं उतरून टाकलं. कळ आपल्या मनानं यायची आणि आपल्या मनानं जायची. माणूस मात्र वाळत चालला.

तीस सालच्या मार्शल लॉच्या आदल्या उन्हाळ्यात त्याची कळ आली ती गेलीच नाही. आदल्या संध्याकाळी निंगव्वानं केलेली आंबील तो प्यायला, ओकला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी मिलचा भोंगा वाजला तेव्हा तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर पत्रे तापून कडकड वाजत होते, आणि पाठ गार होती.

त्याला सरळ करता आलं नाही. घोंगडीत गुंडाळून, तसाच बसलेला, उचलून न्यावा लागला. तेव्हापासून निंगव्वाला एक विचित्र गोष्ट जाणवायला लागली. तिला नवऱ्याचा चेहराच आठवेना. आठवायला गेलं की पाठ आठवायची, मणके मोजता येतील अशी, आणि खांद्यांवरचा कापूस.

सासू म्हणाली, आंबिलीत काहीतरी होतं. पहिल्यांदा निंगव्वानं भांडण केलं. मग गप्प बसायला लागली. आणि मग, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही, तिला स्वतःलाच शंका यायला लागली. मडकं झाकलं होतं का? आत पाल पडली असेल का? जोंधळ्यात कसलं बी आलं असेल का? माणूस वर्षानुवर्षं एकच आरोप ऐकत राहिला की त्याच्या हातांचा त्याला भरवसा वाटेनासा होतो. ती मडकी तीन-तीनदा विसळायची आणि तरी खाताना तिला घास घशाखाली लोटावा लागायचा.

सात रस्त्याच्या जवळ एक धर्मादाय दवाखाना होता. तिथं ती आयाबाई म्हणून लागली. रोग्यांना पुसायचं, त्यांची भांडी न्यायची-आणायची, कानडी बोलणाऱ्याचं डॉक्टरांना मराठीत सांगायचं.

तिथंच चन्नवीर डॉक्टर आले. मुंबईला शिकलेले, वय तिशीच्या आतबाहेरचं, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि अंगात सूट. दुसरे डॉक्टर रोगी बघून मोकळे व्हायचे. हे मात्र एका दुखण्याच्या मागं लागले होते. वॉर्डाच्या टोकाला एक लहान खोली त्यांनी मागून घेतली होती. तिथं खिडकीत काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या असत. निंगव्वा रोग्यांची लघवी बाटलीत भरून तिथं नेऊन द्यायची.

एक दिवस तिनं विचारलं, "डाक्टरसाब, ह्या पांढऱ्या पाण्यात काय हाय?"

"पिठाची पातळ पेज. मिलमध्ये सुताला खळ लावतात ना, तसलीच."

"आनी त्यात लघवी कशापायी?"

डॉक्टरांनी एका नळीत आयोडिनचा थेंब सोडला. पांढरं पाणी क्षणात शाईसारखं निळं झालं. "पीठ असलं की हे निळं होतं. पण माणसाच्या पोटात एक ग्रंथी आहे, तिच्या रसानं पीठ पचतं. ती ग्रंथी चिडली, सुजली, की तो रस रक्तात जातो, लघवीत येतो. मग तो ह्या नळीतलं पीठ खाऊन टाकतो. आणि निळं होतच नाही."

"माणसाच्या भाईर आल्यावर बी खातो?"

"बाहेर आल्यावरही खातो."

नंतर वॉर्डात झाडताना निंगव्वाला सारखं वाटत राहिलं, की माणसाच्या आत एक तोंड आहे आणि ते बाहेर आलं तरी चघळत राहतं.

"कुटं असती ती?" तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"हाताला लागत नाही, तीच तर अडचण आहे. जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला चिकटून. सगळ्या आतड्यांकडं पाठ करून बसल्यासारखी. म्हणून तिचं दुखणं ओळखू येत नाही. कुणी म्हणतं वायू, कुणी म्हणतं अल्सर. गावाकडं म्हणतात करणी." डॉक्टरांनी नळी खिडकीत ठेवली. "पाठीत कळ जाते. रोगी आडवा पडू शकत नाही. गुडघे पोटाशी घेऊन, पुढं वाकून बसतो."

निंगव्वाच्या हातातली बाटली फरशीवर पडली आणि फुटली. डॉक्टर रागावले नाहीत, पण तिच्याकडं बघत राहिले. तिनं खाली बसून काचा वेचल्या आणि निघून गेली.

त्या साली चैत्रात अकलूजकडचा जोतीराम नावाचा बागाईतदार आला. चांगला धडधाकट माणूस. गावजेवणानंतर पोटात कळ उठली आणि मोटारीतून सोलापूरला आणेपर्यंत त्याचे ओठ निळे पडले. तो खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसला. निंगव्वानं दारातून ती पाठ पाहिली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

डॉक्टरांनी नळ्या लावल्या. ओळीतल्या एकाही नळीनं निळा रंग धरला नाही. सगळ्या पिवळट राहिल्या. डॉक्टर हर्षानं ओरडले, "हेच! हेच ते!" आणि मग खाटेवरच्या माणसाकडं बघून त्यांचं त्यांनाच लाजल्यासारखं झालं. त्यांनी जोतीरामला मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं.

भर दुपार होती. खिडक्यांवरचे वाळ्याचे पडदे सुकले होते, त्यांवर पाणी मारायला निंगव्वा आत आली. जोतीराम जरा निवला होता. क्षीण आवाजात म्हणाला, "बाई, त्या मानसाला जरा उठवा की. मला पाय पसरायचेत."

"कुनाला?"

"ह्यो काय. पायथ्याला बसलाय. पाठ करून."

पायथ्याला कोणी नव्हतं. चादर सपाट होती. निंगव्वानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि मनात नसताना तिच्या तोंडून गेलं, "उठ रे." जोतीरामनं पाय लांब केले आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो गेला.

डॉक्टरांनी त्याच्या भावांना हात जोडून विनवलं, की पोट उघडून बघू द्या, नळ्यांनी सांगितलं ते खरं का खोटं ते कळू द्या. भावांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते दोन पावलं मागं सरले. मोटार निघून गेली. डॉक्टर वऱ्हांड्यात उभे होते. निंगव्वाला म्हणाले, "मुंबईत मेल्यावर उघडून सांगतात काय झालं होतं. मला जिवंतपणी सांगायचंय. पण निदान काहीजणांना मेल्यावर पाहिल्याशिवाय, माझं जिवंतपणीचं बरोबर आहे हे मी कशावरनं म्हणू?"

"डाक्टरसाब," निंगव्वा म्हणाली, "माझ्या मालकाला कुनी उघडून बघितलं असतं, तर मी सुटले असते." आणि मग तिनं त्यांना बिरदेवच्या दुखण्याचं सगळं सांगितलं. आंबीलसुद्धा.

त्या दिवसापासून डॉक्टरांच्या वतीनं रोग्यांच्या माणसांशी तीच बोलायला लागली. मराठीत, कानडीत, कधी मोडक्या तेलुगूतही. लोक तिचं ऐकून घेत, पण होकार देत नसत. वर तिचं नाव खराब झालं. वॉर्डात कुजबूज सुरू झाली, की निंगव्वा ज्याच्या खाटेशी बसते तो जगत नाही. ती पाणी घेऊन गेली की काही रोगी तोंड फिरवायचे. एका म्हातारीनं तिला बघून पदरातली मीठ-मोहरी स्वतःवरून उतरली. घरी एक म्हातारी तिच्या हातचं खात नव्हती, आता दवाखान्यातही पाणी नको झालं.

पुढच्या वर्षी वीरभद्रप्पा आले. भुसार मालाचे व्यापारी, लिंगायत. एके काळी अंगानं भरलेले असावेत, कारण अंगरखा दुसऱ्याचा घातल्यासारखा लोंबत होता. बायको गुरम्मा सोबत होती, आणि धाकटा भाऊ मल्लप्पा. वीरभद्रप्पांची कळ जुनी. आता लघवीत साखर जात होती, शौचाला तेलासारखं तरंगत होतं, आणि दोन वर्षांत ते ताठ बसलेच नव्हते. चालतानाही वाकलेले, बसतानाही वाकलेले.

डॉक्टरांनी नळ्या लावल्या. सगळ्या नळ्या निळ्याशार झाल्या. डॉक्टर कितीतरी वेळ त्या निळ्याकडं बघत बसले. नळ्या म्हणत होत्या, ह्या माणसाला ते दुखणं नाही. आणि खाटेवरचा माणूस म्हणत होता, आहे.

"मग नळ्या खोटं बोलतात?" निंगव्वानं विचारलं.

"कदाचित रसच उरला नसेल. विहीर आटली की पोहरा कोरडाच येणार."

एक्स-रेचं यंत्र दवाखान्यात नवंच आलं होतं. वीरभद्रप्पांच्या पोटाचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला. काळ्या धुरात फासळ्या दिसत होत्या, पाठीचा कणा दिसत होता, आणि कण्यावरून आडवे, शाळूचे दाणे सांडावेत तसे पांढरे ठिपके.

वीरभद्रप्पांनी तो फोटो बघायला मागितला. आपल्याच हाडांकडं ते शांतपणे बघत राहिले. "हे दाणे काय?"

"खडे आहेत, असं मला वाटतं. स्वादुपिंडात."

"पिंड?" वीरभद्रप्पांनी गळ्यातल्या लिंगाच्या करंड्याला हात लावला आणि हसले. "एक गळ्यात हाय, एक पोटात. दोन-दोन सांभाळायची म्हंजे माणूस वाकणारच की."

त्यांना निंगव्वाची भीती वाटत नसे. ते तिला 'तंगी' म्हणत, म्हणजे धाकटी बहीण, आणि ती त्यांना अण्णा म्हणायची. मुंबईहून मागवलेल्या साखरेवरच्या इंजेक्शनांनी ते काही आठवडे बरे होते. गप्पा मारायचे, दुकानातल्या गमती सांगायचे. अशाच एका दुपारी ती त्यांना ताक देत होती. त्या दिवशी त्यांना ताप नव्हता, मॉर्फियाही दिलेला नव्हता.

"तंगी," ते म्हणाले, "तुझ्या मागनं येतो तो कोण?"

ताकाचं भांडं तिनं घट्ट धरलं. "कोन, अण्णा?"

"तू आलीस की येतो. तू गेलीस की जातो. पहिल्यांदा मला वाटलं, तुझा भाऊ असेल. पण बोलत न्हाय. माझ्या पायथ्याशी बसतो, माझ्यासारखाच, पोट धरून. तोंड काय दावत न्हाय."

"पाठ कशी हाय त्याची?"

"वाळलेली. खांद्यावर कापूस हाय."

वॉर्डात सगळे झोपले होते. दूर मिलची घरघर ऐकू येत होती. निंगव्वाला मागं वळून बघावंसं वाटलं आणि मान हलेना. वीरभद्रप्पा तिच्याकडं बघत होते, भीती न वाटता, शेजाऱ्याची चौकशी करावी तसे.

"आत्ता हाय?" तिनं विचारलं.

"हाय की. बसू दे. काय तरास देत न्हाय."

ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, मला सोडा, मी जाते, माझ्या मागं मरण येतंय. डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं. म्हणाले, साखरेच्या रोग्याला कधी असं दिसतं, अशक्त मेंदूला कधी भास होतात. तिनं विचारलं, "कापूस कसा दिसला? मी कापसाचं कुनालाच बोलले न्हाय. तुमालाबी न्हाय." डॉक्टर एवढंच म्हणाले, "तू गेलीस तर वीरभद्रप्पांशी कोण बोलेल?"

तेव्हा ती राहिली.

पावसाळ्यात वीरभद्रप्पांच्या छातीत ताप शिरला. त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी गुरम्मा, मल्लप्पा, डॉक्टर आणि निंगव्वा, सगळ्यांना खाटेशी बोलावलं. म्हणाले, "मी गेल्यावर ह्यांना उघडून बघू द्या."

मल्लप्पा उसळला. "अण्णा, आपल्यात माणसाला बसवून समाधी देतात. फाडलेलं मढं बसवायचं कसं? पोटातनं सगळं मांडीवर येईल!"

वीरभद्रप्पांनी डॉक्टरांकडं नाही, निंगव्वाकडं बघितलं. "तंगी, बसेल काय मी?"

"बसाल, अण्णा. मी बघते."

गुरम्मा आतापर्यंत एक अक्षर बोलली नव्हती. तिनं डोळे पुसले आणि निंगव्वाचं मनगट धरलं. "उघडू दे. पण तू आत उभी राहायचं. पहिल्यापासनं शेवटपर्यंत. परक्या हातात मी त्यांना एकटं सोडणार न्हाय."

शेवटचे दोन दिवस वीरभद्रप्पा गाढ झोपेत होते. श्वास खोल, मोठा चालायचा, आणि त्या श्वासाला पिकून गेलेल्या फळांचा गोड वास येई. वॉर्डभर तो वास भरून राहिला होता. माशा आत येत होत्या. गुरम्मा पंखा हलवत होती. सकाळी श्वास थांबला, तरी वास बराच वेळ राहिला.

शवाच्या खोलीत जाळीतून ऊन आत येत होतं. निंगव्वा भिंतीशी उभी राहिली. तिनं ठरवलं होतं की खाली बघायचं. पण सुरी जठराच्या मागं पोचली तेव्हा आवाज आला. भाजीतला वाळूचा खडा दाताखाली यावा तसा, कर्र. तिनं मान वर केली.

डॉक्टरांच्या हातात एक आकसलेला, दोरीसारखा घट्ट गोळा होता. तो कापला की सुरी करकरत होती. आतून खडे निघाले, पांढरे, काही ज्वारीएवढे, आणि एक पोवळ्यासारखा फांद्या फुटलेला. डॉक्टरांनी ते पाण्यात धुतले आणि तिच्यासमोर धरले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"हे कुनी घातलं?" निंगव्वानं विचारलं.

"कोणी नाही. आपोआप होतात. वर्षं लागतात त्यांना."

"एका आंबिलीनं हुतात का?"

डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

मग त्यांनी स्वतः पोट शिवलं, आत कापूस भरला, वरून धोतराचा पट्टा घट्ट गुंडाळला. निंगव्वानं प्रत्येक टाका बघितला.

समाधीच्या जागी तिला गुरम्मानं मुद्दाम नेलं. खड्ड्यापर्यंत फुलांच्या मखरातून वीरभद्रप्पांना आणलं. जंगमस्वामी मंत्र म्हणत होते. मल्लप्पाचे ओठ भीतीनं पांढरे पडले होते. खाली उतरवून मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातात लिंग ठेवलं, आणि धरणाऱ्यांनी हळूहळू हात सोडले.

वीरभद्रप्पा ताठ बसले. पाठ सरळ, मान सरळ, छाती पुढं. जमलेल्या माणसांत कोणी दोन वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं. तोच गुरम्मा किंचाळली.

"हे आमचे न्हवंत! हा कोण बसलाय? आमचे कुठं हायत?"

बायकांनी तिला धरलं. ती खड्ड्याकडं बोट दाखवून पुन्हा पुन्हा तेच विचारत होती. निंगव्वानं जवळ जाऊन तिला मिठी मारली. तिलाही खाली बघायचं धैर्य झालं नाही. वरून विभूती आणि माती पडत गेली.

काही दिवसांनी निंगव्वानं डॉक्टरांकडं खडे मागितले. त्यांनी काही खडे एका लहान बाटलीत घालून दिले आणि म्हणाले, परत आण.

घरी आली तेव्हा टळटळीत ऊन होतं. मायाक्का आपल्या चुलीपाशी भाकरी थापत होती. निंगव्वा तिच्यासमोर बसली आणि पीठ लागलेल्या त्या हातात तिनं खडे ओतले.

"काय हाय हे?"

"एका मानसाच्या पोटातनं निघाले. तो बी गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. त्याचीबी कळ पाठीत जायाची. कुनी खायला घालून हे होत न्हाय, अत्ती. वर्सं लागतात."

अत्ती म्हणजे सासूबाई. कितीतरी वर्षांत तिनं ही हाक मारली नव्हती. म्हातारी खडे बोटांत फिरवत राहिली. चुलीत काटकी तडकली. मग ती म्हणाली, सहज, जुनी आठवण सांगावी तशी, "लहानपणी बी तसाच बसायचा. मेंढरांमागं जाताना मधीच खाली बसायचा. मी एरंडाचं पान गरम करून पोटाला बांधायची."

निंगव्वा दगडासारखी झाली. लग्नाच्या आधीपासून, आंबिलीच्या कितीतरी आधीपासून, हे ह्या घरात होतं. म्हातारीला ते माहीत होतं आणि तिनं ते कधी एकाशेजारी एक ठेवून बघितलं नव्हतं. आत्ताही तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे. निंगव्वा बोलणार होती. तेवढ्यात मायाक्कानं आंधळे डोळे आतल्या कोपऱ्याकडं वळवले आणि आवाज चढवून म्हणाली,

"ऐकलंस का रे, बिऱ्या? तुझ्या पोटात खडे हुते."

कोपऱ्यात काही नव्हतं. चुलीजवळ दोन ताटल्या मांडलेल्या होत्या. एक म्हातारीची. दुसरी भिंतीच्या बाजूला, त्यात अर्धी भाकरी. निंगव्वानं इतक्या वर्षांत ती ताटली पाहिली होती आणि समजून चालली होती, की म्हातारी रात्रीसाठी काढून ठेवते. म्हातारी भिंतीकडं कान लावून बसली होती. मग मान हलवून, उत्तर मिळाल्यासारखी, पुन्हा भाकरी थापायला लागली. तिनं खडे परत दिले, पण सगळे दिले नाहीत. फांद्या फुटलेला तो एक तिच्या मुठीतच राहिला आणि निंगव्वानं तो मागितला नाही.

मायाक्का पुढं दोन वर्षं जगली. सुनेच्या हातचं ती शेवटपर्यंत जेवली नाही. चाळीला ऐकू जाईल असं सुनेला बोलणं मात्र तिनं त्या दिवसापासून बंद केलं.

निंगव्वानं डॉक्टरांना म्हातारीचं ते बोलणं सांगितलं, तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. तोवर ते रोग्याला विचारायचे, कळ कधीपासून? रोगी म्हणायचा, दोन वर्षं, चार वर्षं. आता निंगव्वा रोग्यांच्या आयांना विचारायला लागली. कुणाची आई हयात नसली तर मोठ्या बहिणीला. आणि आया सांगायच्या, व्हय, सहा वर्षांचा होता तेव्हा, झाडाखाली बसायचा, आमाला वाटलं जंत असतील. डॉक्टर ते लिहून घ्यायचे आणि फोटो काढायचे. कधी दाणे दिसायचे, कधी नाही. तीन वर्षांनी मुंबईच्या डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे सगळं वाचून दाखवलं. काहींनी मान डोलावली, काही म्हणाले, एवढ्याशा रोग्यांवरून काय ठरवता. ते परत आले आणि पुन्हा नळ्या मांडून बसले.

मोहोळकडच्या एका खेड्यातली गोजर नावाची मुलगी त्यांना दुखणं बळावायच्या आत सापडली. जेमतेम बारा वर्षांची. फोटोत कण्यावर तीन दाणे. तिची आई रंभाबाई म्हणाली, गावात सगळे म्हणतात, चुलतीनं दिवाळीच्या करंजीतनं काहीतरी दिलं. त्या चुलतीला, बजाबाईला, पाणवठ्यावर कोणी येऊ देत नाही.

डॉक्टरांनी तेल-तूप बंद सांगितलं, औषध दिलं. बरं करणारं औषध त्यांच्याकडं नव्हतं आणि तसं त्यांनी रंभाबाईला खरं सांगितलं. निंगव्वा मात्र रजा काढून मायलेकींबरोबर बैलगाडीत बसली.

गावच्या चावडीसमोर भर दुपारी माणसं गोळा झाली. निंगव्वानं फोटो आकाशाकडं धरला. "बघा. हे हाड. हे खडे. पोरीच्या पोटात आपोआप झाले. कुनी दिलं न्हाय, कुनी घातलं न्हाय. मी मेलेल्या मानसाच्या पोटातनं असेच निघताना ह्या डोळ्यांनी बघितलेत."

माणसांनी फोटो बघितला. शेवटचं वाक्य ऐकल्यावर पुढं उभी असलेली माणसं जरा मागं सरकली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मेलेल्याच्या जवळ तू उभी व्हतीस?"

"व्हय."

बजाबाई गर्दीच्या कडेला उभी होती, डोक्यावर रिकामी घागर घेऊन. ती पुढं आली, निंगव्वाच्या पाया पडायला वाकली आणि तिच्या पायाला हात न लावताच उठली. मग आडाकडं गेली. बायकांनी तिला वाट दिली.

गाडी चावडीपासून हलली तेव्हा निंगव्वाला मागं पाणी ओतल्याचा आवाज आला. ती ज्या जागी उभी होती ती जागा कुणीतरी शेणानं सारवत होतं. गाडीवानानं बैलांना हाकारलं. निंगव्वानं फोटो पदराखाली घेतला, ऊन लागू नये म्हणून, आणि गाडीवानाला विचारलं, डॉक्टर दवाखान्यात असेतो आपण सोलापूरला पोचू का, फोटो त्यांना परत द्यायचाय.